दीड हजार रुपयांच्या रेघा

ताईनं चित्र हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, परत नाकावर आणला आणि विचारलं, "छान आहे रे. पण पूर्ण कधी करून देणार आहे ती?"

चित्र पूर्ण होतं. पैसेही पूर्ण दिले होते.

त्या दिवशी मी गप्प बसलो. ताईसमोर बोलून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. पण चित्र काढणाऱ्या मुलीनं "काका, जमलं तर दोन ओळींचा रिव्ह्यू द्या ना" असं तीनदा सांगितलंय. आज दुकान लवकर बंद केलंय, तर लिहितो दोन ओळी. लांबल्या तर सांभाळून घ्या. शिंप्याचा हात आहे, थोडी मार्जिन सोडायची सवय.

आधी सेवा काय ते सांगतो. मुलगी घरी किंवा कामाच्या जागी येते, माणूस समोर बघते आणि पेन्सिलीनं त्याचं चित्र काढते. नुसता चेहरा नाही, अख्खा माणूस. आमच्याकडून दीड हजार घेतले, येण्याजाण्याचे वेगळे नाहीत. ती चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा होईपर्यंत नवीन काम घेणार नाही, म्हणून नाव-नंबर टाकू नका म्हणाली. हा मजकूर तीच पुढे तिच्या गिऱ्हाइकांना दाखवेल.

चित्र आमच्या अण्णांचं. वय ८१. मशीन चालवणं त्यांनी चार वर्षांपूर्वी सोडलं, कारण गुडघे. पण दुकान सोडलं नाही. सकाळी साडेदहाला येतात, दाराजवळच्या स्टुलावर बसतात आणि हातानं काजं करतात. आता हाताची काजं मागतं कोण? महिन्याला पाच-सहा शर्ट निघतात तसे, बाकीचे मशीनवर. पण अण्णा जुन्या कापडाच्या तुकड्यांवरही काजं करत बसतात. एकदा विचारलं तर म्हणाले, "हात गंजू नये म्हणून."

यंदा त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. तेव्हा फोटो मोठा करून लावू, असं आमचं आधी चाललं होतं. मग पुतण्यानं इंटरनेटवरून एक सेवा शोधून काढली. फोटो पाठवा, पेन्सिल स्केच घरपोच. पाठवला. बावीसशे रुपये. नाव घेत नाही, पण जे आलं ते सांगतो. अण्णांच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्पष्ट. गालावर पावडर फासल्यासारखी गुळगुळीत सावली. दोन्ही डोळ्यांत दोन पांढरे ठिपके, चकाकणारे. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही इतकी चमक आली नव्हती. सगळं अगदी बरोबर होतं आणि अण्णा कुठेच नव्हते. आधार कार्डावरचा माणूस सोन्याच्या फ्रेममध्ये बसवावा तसं. सध्या ते कपाटामागे आहे.

ही मुलगी भेटली बालगंधर्व कलादालनात. मी तिथे चित्रं बघायला गेलो नव्हतो, खरं सांगतो. नाटकाला वेळ होता आणि पाऊस आला. विद्यार्थ्यांचं प्रदर्शन होतं. मोठमोठे रंगीत कॅनव्हास होते, ते मला कळले नाहीत. पण एका कोपऱ्यात वहीच्या पानाएवढ्या कागदावर एक बाई भाजी निवडत बसली होती. पेन्सिलीत. चेहरा जवळजवळ नाहीच, मान खाली. एक गुडघा वर, त्यावर टेकलेली कोपर. मी म्हटलं, ही बाई दमलीय. आणि मग माझं मलाच नवल वाटलं, की तोंड न बघता आपल्याला हे कळलं कसं.

तर ती आमच्याकडे आली एका सोमवारी. सोमवारी आमच्या भागातली दुकानं बंद, म्हणजे गर्दी नाही. अकराची वेळ ठरली होती, आली अकरा चाळीसला. "सॉरी काका, बस." अण्णा दहापासून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस विंचरून, नामदेव महाराजांच्या तसबिरीखाली ताठ बसले होते. वर आणखी चाळीस मिनिटं ताठ बसायचं म्हणजे त्या पाठीला शिक्षाच. हा पहिला मार्क कापला.

आल्यावर तिनं अण्णांना नमस्कार केला आणि म्हणाली, "आजोबा, असे फोटोला बसल्यासारखे नका बसू. तुम्ही रोज काय करता?"

"काजं."

"मग काजंच करा. मी इथे नाहीच असं समजा."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. त्यांनी तुकडा उचलला, अंगुस्ताना म्हणजे सुई ढकलायची बोटावरची टोपी चढवली, आणि पाचव्या मिनिटाला ते खरोखरच विसरले की कुणी समोर बसलंय.

तिनं आधी साध्या न्यूजप्रिंटच्या पॅडवर भराभर पाच-सहा चित्रं काढली. एकेक दोन-दोन मिनिटांचं. काढलं, पान उलटलं, जागा बदलली, परत काढलं. एकदा दारात जाऊन उभी राहिली, एकदा चक्क खाली जमिनीवर बसली. मी विचारलं, "यातलं कुठलं आमचं?" म्हणाली, "एकही नाही काका, हे कच्चं." मला एकदम बरं वाटलं. आमच्याकडेही आधी कच्ची टीप असते. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, शेवटी उसवूनच टाकायची असते, पण ती न घालता जो पक्की टीप मारायला जातो त्याचा कोट बघा कसा बसतो ते.

मग मोठा कागद लावला. कार्ट्रिज पेपर, पाठीमागे हार्डबोर्ड, दोन क्लिपा. पेन्सिली तीन. २ बी, ४ बी आणि ६ बी. ब्लेडनं तासलेल्या, शार्पनरनं नाही, आणि टोक चांगलं इंचभर बाहेर काढलेलं. आमच्या शाळेत असं टोक काढलं असतं तर सरांनी पट्टी मारली असती. पण ती पेन्सिल आडवी धरते, चिमटीत, लिहायला धरतो तशी नाही. आडवी धरली की रुंद रेघ येते, उभी केली की बारीक. एकाच रेघेत ती पेन्सिल फिरवत होती. खोडरबर म्हणजे कणकेच्या गोळीसारखं काहीतरी करड्या रंगाचं, मळून मळून मऊ केलेलं. त्यानं ती घासत नव्हती, नुसतं टेकवून उचलत होती.

अण्णांना राहवलं नाही. "पेन्सिलीत शिसं कुठल्या कंपनीचं?"

"आजोबा, यात शिसं नसतंच. ग्रॅफाइट असतं आणि चिकणमाती. दोन्ही मळून भट्टीत भाजतात. माती जास्त तर कडक, कमी तर मऊ आणि काळी." मग तिनं सांगितलं, की ही युक्ती कोंते नावाच्या एका फ्रेंच माणसाची, १७९५ ची. इंग्लंडशी लढाई चालू, तिकडून चांगलं ग्रॅफाइट येणं बंद, म्हणून असलेल्या भुकटीत माती घालून त्यानं निभावलं. अण्णांना हे फार आवडलं. टंचाईतून काढलेली कुठलीही युक्ती त्यांना आवडते. "आमचा खडूही मातीचाच की," म्हणाले आणि परत काजात शिरले.

आता मी जे पाहिलं ते. पहिली पाच मिनिटं तिनं कागदावर काहीही काढलं नाही. नुसती बघत होती. मध्येच हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवून माप घेत होती. डोक्याची उंची धरायची आणि त्या हिशेबानं बाकीचं अंग मोजायचं. उभा माणूस साधारण साडेसात डोकी भरतो म्हणे, बसलेल्याचं आपलं बघून ठरवायचं. आमच्याकडे हेच काम छाती करते. छातीवरून गळा, छातीवरून मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल. बाराव्या हिश्शानं गळ्याची रुंदी निघते. पण हिशेब कितीही बरोबर असला तरी कापायच्या आधी माणसाकडे एकदा बघावं लागतं, कारण माणूस हिशेबाप्रमाणे बनलेला नसतो.

मग एक रेघ आली. मानेच्या मागून सुरू झाली, कॉलरला किंचित अडली, तिथून पाठीच्या बाकावरून खाली आली आणि कमरेशी स्टुलाला टेकली. एका दमात. मान ते कंबर, मध्ये हात उचलला नाही. आणि रेघ सारखी नाही. मानेशी फिकी, खांद्यांच्या मध्ये जिथे बाक सगळ्यात जास्त तिथे जाड, मग पातळ होत होत जवळजवळ नाहीशी, आणि स्टुलाशी एकदम काळी. जिथे वजन आहे तिथे काळी. माणूस स्टुलावर बसलाय हे सांगायला तिनं स्टूल काढलंच नाही. त्या एका काळ्या दाबानं अण्णा बसले.

माझ्या हातात त्या वेळी चहाचा कप होता. गार झाला.

खडूनं कापडावर रेघ मारताना जे होतं ते मला माहीत आहे. शिकाऊ पोरगा छोट्या छोट्या रेघा ओढत जातो, केसाळ, खरडल्यासारख्या. त्याला खात्री नसते. मग कात्री कुठल्या रेघेवरून चालवायची हे त्याचं त्यालाच कळत नाही. मुंढ्याचा गोल एकदाच फिरवायचा असतो, मनगटातून नाही, खांद्यातून. हे मला अण्णांनी शिकवलं तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो, आणि जमायला पंचविशी उजाडली. ही मुलगी बावीस-तेवीसची असेल.

चित्रात काय आहे आणि काय नाही, ते आता सांगतो, कारण ताईची तक्रार तिथेच आहे.

मशीन नाही. म्हणजे अण्णांच्या मागे जुनं पायमशीन आहे, त्याच्या चाकाचा एक वळसा फक्त आहे, हंसाच्या मानेसारखा, आणि तोही अर्धाच. पाय नाहीत. गुडघ्यापर्यंत पायजम्याच्या दोन रेघा येतात आणि कागदात विरतात. डावी बाही नीटशी नाही. डोळे नाहीत. चष्मा आहे, चष्म्याचा दोरा आहे, काचेखाली ६ बी चा एक तिरका काळा फटकारा आहे, बस. पण अण्णा कुठे बघतायत ते विचारा कुणालाही. सुईच्या टोकाकडे बघतायत. डोक्याचा कलच तसा आहे. नाक, चष्मा, अंगठा, सगळं त्या एका बिंदूकडे ओढलं गेलंय. डोळे काढले असते तर आपण डोळ्यांकडे बघत बसलो असतो, सुई राहून गेली असती.

हात मात्र काढलेत. फार वेळ घालवला तिनं हातांवर, निम्म्याहून जास्त. उजव्या हाताचं मधलं बोट, त्यावर अंगुस्ताना, तर्जनी आणि अंगठा यांच्यात सुई. सुई म्हणजे काय, कागद तसाच सोडलाय. दोन्ही बाजूंना थोडी सावली देऊन मधली पांढरी फट म्हणजे सुई. जवळ नेऊन बघितलं तर तिथे काहीच नाही. अण्णांच्या अंगठ्याचं नख उभं चिरलेलं आहे, १९८० च्या आसपास मशीनची सुई आरपार गेली होती. ती चीर तिनं टिपलीय. एक बारीकसा टचका. तिला ती गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

शर्टाच्या चुण्या बघा. कोपर दुमडली की चुण्या कुठून निघतात हे शिंप्याला शिकवावं लागत नाही, कापड जिथे ताणलं जातं तिथून त्या फुटतात आणि जिथे मोकळं मिळतं तिथे जिरतात. ज्याला हे ठाऊक नसतं तो बाहीभर नुसत्या वळकट्या काढतो, पत्र्यासारख्या. शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेला मी स्मरणचित्रात फुगेवाला काढला होता, त्याचा सदरा तसाच होता. सी ग्रेड मिळाली, तीही वस्तुचित्रातल्या तांब्यामुळे असावी. या मुलीनं कोपराशी तीन रेघा दिल्यात. एक लांब, दोन आखूड. चौथी रेघ टाकायला ती हात पुढे घेऊन गेली, थांबली, आणि परत मागे घेतला. मी बघत होतो. ती चौथी न काढलेली रेघ मला सगळ्यात जास्त आवडली. हे लिहिताना जरा येडपटपणा वाटतो, पण असू दे.

थोडं विषयांतर. २०१८ साली मुंबईला मंगलदास मार्केटात कापड घ्यायला गेलो होतो, तेव्हा काळा घोड्याजवळच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेला माणूस, मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिकला आणि तिथेच शिकवलं. लोक राजे-महाराजांची चित्रं बघत होते, मी नऊवारी बघत हिंडलो. काष्टा कुठे ओढला जातो, चालताना पोटरीवर कापड कसं चिकटतं, बसल्यावर निऱ्या कुठे जातात. त्या माणसाला लुगड्याच्या आतला पाय माहीत होता. नुसतं लुगडं काढायला काय, दुकानात घडी घातलेलं पण असतं. आमच्या या मुलीशी ते बोललो, तर तिनं मोबाइलवर दुसरंच काहीतरी दाखवलं. जेजेतच शिकवायला आलेला लॉकवुड किपलिंग नावाचा एक साहेब, त्यानं १८७० मध्ये उत्तर हिंदुस्थानात फिरून कारागिरांची चित्रं काढली होती. लंडनच्या संग्रहालयात आहेत. त्यातला सिमल्याचा लाकूड कोरणारा तिनं मोठा करून दाखवला. जमिनीवर बसलेला, कामावर वाकलेला. अण्णांनी मोबाइल नाकाशी नेऊन बघितला आणि म्हणाले, "आपलाच आहे हा." शिंपी नव्हता तो, पण मला कळलं त्यांना काय म्हणायचं होतं.

चित्राला एकूण वेळ लागला दीड तास, त्यात न्यूजप्रिंटची वीस मिनिटं आणि दोन वेळचा चहा.

आता कुरकुरी. रिव्ह्यू म्हणजे आरती नव्हे.

उशिराचं सांगितलंच. दुसरं म्हणजे तिनं चित्रावर फिक्सेटिव्ह मारून दिलं नाही. ६ बी सारखी मऊ पेन्सिल कागदावर नुसती बसलेली असते, बोट लागलं की पसरते. स्प्रे मारला की धरून राहते. तो तिच्याकडे संपला होता, "दोन दिवसांनी येऊन मारते" म्हणाली, आणि आली आठव्या दिवशी. तोवर चित्र बटर पेपरात गुंडाळून कपाटात. मधल्या काळात आमच्या नातीनं एकदा "पणजोबा" म्हणून पाठीवरून हात फिरवला. पाठीच्या रेघेला खाली एक करडा डाग आलाय. मुलगी म्हणाली काढून देते, आणि त्या कणकेच्या गोळीनं बराच काढलाही. थोडा उरलाय. तो राहू दे म्हटलं.

तिसरं, सही. एवढं सगळं जपून, तोलून काढायचं आणि खाली कोपऱ्यात सही मात्र दुकानाच्या पाटीएवढी. पुढच्या वेळी लहान कर पोरी.

चौथं, फ्रेम कशी करायची हे तिनं आपणहून सांगायला हवं होतं. मी फ्रेमवाल्याकडे दिली, त्यानं काच थेट कागदावर दाबून बसवली. तिनं फोटोत बघितलं आणि लगेच फोन केला, काका काढा ते. काच कागदाला लागता कामा नये, मध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी हवी. नाहीतर पावसाळ्यात दमट धरून कागद काचेला चिकटतो आणि पेन्सिल काचेवर उठते. माउंटही आम्लरहित हवा, साधा पुठ्ठा पाच-सात वर्षांत कडेनं पिवळा डाग सोडतो. पेन्सिलीला म्हणे उन्हाचं भय नाही, ग्रॅफाइट म्हणजे कार्बन, तो उडत नाही. पिवळा पडतो तो कागद. हे सगळं नंतर कळल्यामुळे फ्रेमचे पैसे दोनदा गेले, एकूण साडेअकराशे. चित्राच्या दीड हजारात हे नाही, हे धरून चाला.

कागद ठीक होता. मला जरा पातळ वाटला. शिंप्याला सगळंच पातळ वाटतं.

पैशांबद्दल. चित्र दुकानात लावल्यापासून तीन-चार गिऱ्हाइकांनी किंमत विचारली आणि दीड हजार ऐकून "एवढ्या रेघांचे?" असं म्हटलं. एका काकूंनी तर मोजल्या. म्हणजे मोजायला लागल्या, मध्येच सोडून दिलं. याच काकू दर दिवाळीला विचारतात, "एवढ्याशा ब्लाउजची एवढी शिलाई?" मी त्यांना दरवेळी सांगतो, काकू, शिलाई कापडाची नसते. कापड तुम्हीच आणता. त्या हसतात आणि पन्नास रुपये कमी देतात. बावीसशेवाल्या चित्रात हजारो रेघा आहेत, रेघेमागे हिशेब केला तर फारच स्वस्त पडलं ते. ज्यांना तसा हिशेब आवडतो त्यांनी तिकडे जावं. कपाटामागे आहे, बघायला देतो.

कुणी घेऊ नये हेही सांगतो. ज्यांना "हुबेहूब" हवं आहे त्यांनी घेऊ नये. चेहरा ओळखू येतो, पण पासपोर्टसारखा नाही. ज्यांना गेलेल्या माणसाचं फोटोवरून करून हवं त्यांना ती नाहीच म्हणते. समोर माणूस हवा, हालचाल करणारा. लहान मुलांचं करते, पण मूल जेवढा वेळ टिकेल तेवढंच चित्र मिळेल. आणि घरच्या मंडळींनी मागे उभं राहून "नाक थोडं मोठं झालं का?" वगैरे करू नये. माझ्या बायकोनं केलं. मुलगी काही बोलली नाही, पण पेन्सिल खाली ठेवली आणि पाणी मागितलं. मी बायकोला आत पाठवलं, त्याचे परिणाम मी अजून भोगतोय.

एक गोष्ट राहिली. अण्णांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच उतरता आहे. साठ वर्षं उजव्या हातानं कात्री आणि इस्त्री, दुसरं काय होणार. बघून कुणाला कळत नाही, कारण त्यांचे शर्ट मी कापतो आणि शोल्डरला तेवढं सांभाळून घेतो. हे मला आणि अण्णांनाच माहीत. बायकोलाही माहीत नव्हतं. चित्र घरी भिंतीला टेकवून ठेवलं, तेव्हा मी टेप घेऊन उगाच लावून बघितलं. उजवा खांदा उतरलेला. त्या मापात बरोबर तेवढाच. टेप न लावता, शर्टावरून, चार हातांवरून त्या पोरीला ते दिसलं होतं. मी टेप गळ्यात टाकून तसाच उभा राहिलो थोडा वेळ.

सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी ते सगळ्यांसमोर ठेवलं. ताईचं ते "पूर्ण कधी" तेव्हाचंच. भाऊ म्हणाला, पाय काढायला हवे होते, नमस्कार कुठे करायचा? पुतणी म्हणाली भारी आहे आणि फोटो काढून घेतला. अण्णा काही बोलले नाहीत. कार्यक्रम आटोपला, मंडळी पांगली, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि चित्राजवळ खुर्ची ओढायला सांगितली. बराच वेळ बघत होते. मला वाटलं डोळ्यांत पाणी वगैरे येईल.

"हा शर्ट कुणी शिवलाय?" म्हणाले.

"मीच की अण्णा. तुमच्या अंगावरचाच."

"मागून चढलाय." त्यांनी बोट कागदाच्या वर, न टेकवता, त्या रेघेवरून फिरवलं. कॉलरला जिथे ती किंचित अडली होती तिथे थांबवलं. "बघ इथं. कॉलर मानेवरून सुटलीय. पाठ वाकली की बॅकला लांबी वाढवावी लागते, सांगितलं होतं ना तुला?"

सांगितलं होतं. १९८८ साली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर मापाची वही काढली. अण्णांच्या नावापुढे माप होतं २०११ चं. तेरा-चौदा वर्षं त्यावरच कापत होतो मी, छाती-पोट वरवर बघून कमीजास्त करत. पाठीला टेप लावलाच नव्हता. त्यांना स्टुलावर बसवलं, मानेच्या मणक्यावर टेप धरला आणि बाकावरून खाली आणला. सव्वा इंच जास्त भरलं.

जुनं खोडलं, नवीन लिहिलं. पांढऱ्या पॉपलिनचा शर्ट टेबलावर आहे, उद्या कापतो.

पाचपैकी चार स्टार. एक त्या चाळीस मिनिटांचा.